विजेची मालकी मतपेटीत : क्वेबेक, १९६२

१९६२ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, वायव्येकडच्या अबिटिबी खाणपट्ट्यात, घरातला दिवा बारीक थरथरायचा. तिथली खासगी कंपनी सेकंदाला २५ आवर्तनांची वीज पुरवायची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणजे दिवा सेकंदाला ५० वेळा मंदावतो, आणि तारेच्या बल्बमध्येसुद्धा ते डोळ्याला खुपतं. मॉन्ट्रिऑलमध्ये मात्र वीज ६० आवर्तनांची. तिथून आणलेलं धुलाईयंत्र अबिटिबीत लावलं तर ते निम्म्याहून कमी वेगाने फिरणार. शिवाय कमी आवर्तनांवर पूर्ण दाब दिला की मोटरच्या गाभ्यातलं चुंबकीकरण मर्यादेबाहेर जातं, प्रवाह वाढतो आणि वेटोळं तापून जळतं. नद्या प्रांताच्या, ग्राहकही त्याच प्रांतातले, पण घर बदललं की मोटरही बदलायची.

१४ नोव्हेंबर १९६२ रोजी या प्रांताने निवडणूक घेतली ती जवळजवळ एकाच प्रश्नावर : खासगी वीजकंपन्या विकत घ्यायच्या की नाही. कौल मिळाला, आणि साडेपाच महिन्यांत व्यवहार पुरा झाला. तो कोर्टात अडकला नाही आणि पैशाअभावी रखडलाही नाही. वीज ताब्यात घेण्याचे प्रयत्न जगभर झालेत. इतक्या सरळ पार पडलेले थोडे. म्हणून हे प्रकरण घोषणेच्या अंगाने न पाहता हिशेबाच्या अंगाने पाहायला हवं.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे राज्य सरकारने कंपनी घेतली तर आपण ‘सरकारीकरण’ म्हणू. ‘राष्ट्रीयीकरण’ हा शब्द दिल्लीसाठी राखून ठेवू. क्वेबेकमध्ये खरेदी करणारं सरकार प्रांताचं होतं, तरी लोक सर्रास ‘नास्योनालिझास्यों’ म्हणत. त्यातलं राष्ट्र म्हणजे कॅनडा नव्हे. १९६१ च्या जनगणनेत क्वेबेकची लोकसंख्या साडेबावन्न लाखांच्या घरात होती आणि त्यात पाचातले चार फ्रेंच बोलणारे. मोठ्या कंपन्यांचा वरचा कारभार मात्र इंग्रजीत चालायचा. या एका शब्दात निवडणुकीचा निम्मा प्रचार आधीच होऊन बसला होता.

कोणाकडे काय होतं

प्रांताचं स्वतःचं वीजमंडळ आधीपासून होतं. हायड्रो-क्वेबेकची स्थापना १४ एप्रिल १९४४ ची. आदेलार गोदबू यांच्या लिबरल सरकारने मॉन्ट्रिऑल लाइट, हीट अँड पॉवर ही कंपनी आणि बोआर्नवा इथली तिची उपकंपनी ताब्यात घेऊन ते उभं केलं. त्यामागे १९३० च्या दशकातली ‘वीज ट्रस्ट’विरोधी, म्हणजे वीजकंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धची, चळवळ होती. तिचा सर्वांत कडवा आवाज क्वेबेक शहरातले दंतवैद्य फिलिप आमेल यांचा. पण गोदबूंनी वीज घेतली ती फक्त मॉन्ट्रिऑल परिसरातली. चार महिन्यांत निवडणूक झाली, गोदबूंच्या पक्षाला मतं जास्त आणि जागा कमी मिळाल्या, आणि युनियन नास्योनाल पक्षाचे मोरीस द्युप्लेसी सत्तेवर आले. त्यांनी हायड्रो-क्वेबेक मोडलं नाही, तसंच खासगी कंपन्यांनाही हात लावला नाही. १९४५ पासून खेड्यांसाठी विद्युत सहकारी संस्थांना मात्र उत्तेजन दिलं. कंपन्यांना विरळ वस्तीत तारा टाकायला परवडत नव्हतं, ते काम शेतकऱ्यांच्या संस्थांनी केलं.

१९६२ पर्यंत नकाशा असा झाला होता. मॉन्ट्रिऑल हायड्रो-क्वेबेककडे. सेंट-मॉरिस नदीचं खोरं १८९८ साली स्थापन झालेल्या शाविनिगन वॉटर अँड पॉवरकडे. क्वेबेक शहरातली क्वेबेक पॉवर, दक्षिणेची सदर्न कॅनडा पॉवर आणि सेंट मॉरिस पॉवर या तिन्ही कंपन्याही शाविनिगनच्याच गोतावळ्यातल्या. पश्चिमेला गॅटिनो पॉवर. अबिटिबीत नॉर्दर्न क्वेबेक पॉवर. सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठाला खालच्या अंगाला बा-सें-लोराँची कंपनी. त्याखेरीज माँ-लोरिए, फेर्म-नव्ह, ला सार अशा गावांच्या चिमुकल्या कंपन्या, ४६ सहकारी संस्था आणि काही नगरपालिकांची जाळी. आणि या सगळ्यांहून वेगळी अशी ॲल्युमिनियम आणि कागद कारखान्यांची स्वतःची वीजकेंद्रं. त्यात सागने भागातली अल्कान कंपनीची केंद्रं सर्वांत मोठी.

यातून दोन अडचणी निघायच्या. पहिली दरांची. मॉन्ट्रिऑलमधल्या घराला जी वीज स्वस्त, तीच पूर्व टोकाच्या गास्पेकडच्या घराला कितीतरी महाग. दुसरी अडचण नियोजनाची, आणि ती सामान्य ग्राहकाला दिसत नव्हती. शाविनिगनच्या खोऱ्यात धरणं बांधण्याजोगे चांगले धबधबे संपत आले होते, म्हणून ती कंपनी हायड्रो-क्वेबेकच्या उत्तरेकडच्या बेर्सिमी केंद्रांची वीज विकत घेऊ लागली होती. दक्षिण काठावरच्या कंपनीलाही नदीच्या तळातून टाकलेल्या केबलने हायड्रो-क्वेबेकचीच वीज जात होती. म्हणजे नवी धरणं बांधण्याचा जोखमीचा खर्च सरकारी मंडळाचा आणि गिऱ्हाइकाला बिल फाडून देणारी कंपनी खासगी. मंत्री रने लेवेक यांनी पुढे हाच मुद्दा फळ्यावर खडूने समजावून सांगितला.

लेवेक यांचा हिशेब

२२ जून १९६० च्या निवडणुकीत झाँ लसाज यांच्या लिबरल पक्षाने ९५ पैकी ५१ जागा जिंकल्या. लसाज हे प्रीमियर झाले, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. दूरचित्रवाणीवरचे नावाजलेले पत्रकार रने लेवेक यांच्याकडे जलसंपत्ती खातं आलं, पुढे ते नैसर्गिक साधनसंपत्ती खातं झालं. गंमत अशी की त्यांच्या आधी हे जलसंपत्ती खातं सांभाळणारे मंत्री होते डॅनियल जॉन्सन, जे १९६२ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून समोर उभे राहिले. दोघांनी एकाच कपाटातल्या फायली वाचल्या होत्या.

लेवेक यांनी आधी न बांधलेल्या नद्यांचा विकास हायड्रो-क्वेबेकसाठी राखून ठेवला. मग १२ फेब्रुवारी १९६२ रोजी, राष्ट्रीय वीज सप्ताहाच्या उद्घाटनाला, वीजधंद्यातल्याच लोकांसमोर त्यांनी सांगून टाकलं की ही तुकडेबाजी महाग आहे आणि तिच्यावर उपाय एकच, एकत्रीकरण. मंत्रिमंडळाचा ठराव तोवर झालेला नव्हता. लसाज यांना हे मुळीच आवडलं नाही.

त्यांच्या मांडणीत भावना कमी आणि करशास्त्र जास्त होतं. कॅनडाच्या १८६७ च्या घटनाकायद्यातलं कलम १२५ सांगतं की प्रांताच्या मालमत्तेवर केंद्राला कर लावता येत नाही. खासगी वीजकंपनी मात्र ओटावाला, म्हणजे केंद्राला, प्राप्तिकर भरत होती. लिबरलांच्या मांडणीप्रमाणे ही रक्कम वर्षाला दीड कोटी डॉलरच्या आसपास जायची. मालक बदलला की ती प्रांतात राहणार.

हे कसं चालतं ते एका ढोबळ उदाहरणाने पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा भागधारकांचे १०० डॉलर कंपनीत गुंतलेत आणि त्यांना वर्षाला ६ डॉलर सुटायला हवेत. नफ्याचा साधारण निम्मा भाग करात जात असेल, तर ६ डॉलर हातात पडण्यासाठी ग्राहकांच्या बिलांतून १२ डॉलर उभे करावे लागतात. आता सार्वजनिक मंडळाने साडेपाच टक्क्यांचे कर्जरोखे विकून तेच १०० डॉलर आणले आणि भागधारकांना मोकळं केलं, तर बिलांतून साडेपाचच डॉलर लागतात. साडेसहा डॉलर उरले. त्यातून दर कमी करा, तारा बदला, धरण बांधा.

पण याच उदाहरणात योजनेची दुखरी नसही आहे. भागधारकांनी १०० च्या मालाला १५० मागितले तर व्याज सव्वाआठ डॉलर होतं आणि उरतात पावणेचार. भाव २१८ च्या आसपास गेला की १२ चे १२ व्याजातच गेले. मग मालकी बदलून ग्राहकाला दमडीचा फायदा नाही. व्याजदर चढला तरी बचत अशीच घटत जाते. म्हणजे तत्त्वाची चर्चा कितीही रंगली तरी योजना टिकणार की नाही हे दोन आकड्यांवर ठरणार होतं : समभागाला किती द्यायचे आणि कर्ज किती टक्क्यांनी मिळतं. शिवाय बचत होते ती फक्त भागभांडवलावर. कंपनीने आधीच काढलेल्या कर्जावर ती पूर्वीही व्याजच देत होती, तिथे काही वाचत नाही. ‘सगळं घेतलं की सगळं स्वस्त होईल’ असं भाषणात सांगायला सोपं. लेवेक यांच्या अर्थतज्ज्ञांना, त्यांत मिशेल बेलांजे होते आणि तरुण जाक पारिझोही, ते इतकं सोपं नाही हे ठाऊक होतं.

काय घ्यायचं नाही हे ठरवणंही तितकंच महत्त्वाचं ठरलं. अल्कान आणि कागद कारखान्यांची स्वतःच्या वापराची केंद्रं यादीतून वगळली. ती घेतली असती तर किंमत कुठल्या कुठे गेली असती, आणि रोजगार देणारे कारखानदार एकगठ्ठा विरोधात गेले असते. डावीकडच्या टीकाकारांना ही तडजोड वाटली आणि ती होतीच. वितरण करणाऱ्या ११ कंपन्या, एवढीच यादी राहिली.

तळ्याकाठचे दोन दिवस

४ आणि ५ सप्टेंबर १९६२ ला क्वेबेक शहराच्या उत्तरेला, लोराँतीद उद्यानातल्या लाक-आ-लेपोल या तळ्याकाठच्या विश्रामगृहात मंत्रिमंडळ बसलं. मंत्री दुभंगलेले होते. मॉन्ट्रिऑलच्या इंग्रजीभाषक व्यापारी वर्तुळाशी जवळीक असलेले जॉर्ज मार्लर ठाम विरोधात. लसाज स्वतः साशंक. ते आधी केंद्रात मंत्री होते, प्रांताच्या पतमूल्याची काळजी त्यांना कोणाहूनही जास्त. दुसऱ्या टोकाला लेवेक, आणि त्यांना नकार दिला तर ते सरकारात राहतील याची खात्री नाही.

कोंडी फुटायला दोन गोष्टी कारणी लागल्या. न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात चाचपणी झाली होती आणि पैसा मिळू शकतो असा अंदाज आला होता. आणि ज्येष्ठ मंत्री जॉर्ज-एमिल लापाल्म यांनी लेवेक यांची बाजू उचलून धरली. मग निवडणुकीचा विचार पुढे आला. सरकारला पाच वर्षांची मुदत होती आणि जेमतेम सव्वादोन झाली होती, तेव्हा घाई कशाला हा प्रश्न रास्तच. पण या पेचात निवडणूक एकदम तीन कामं करणार होती. मंत्रिमंडळातला वाद मतदारांकडे सोपवून पक्ष फुटण्यापासून वाचणार होता. जून १९६२ च्या केंद्रीय निवडणुकीत रेआल कावेत यांच्या क्रेदितिस्त पक्षाने क्वेबेकमध्ये एकदम २६ जागा काढल्या होत्या. हे लोक प्रांताच्या राजकारणात उतरण्याआधीच मतदान उरकणार होतं. तिसरं काम त्या वेळी फारसं कोणी उघड बोललं नाही, आमच्या मते तेच सर्वांत मोठं : कंपनीच्या भागधारकाला कळणार होतं की आता थांबून काही उपयोग नाही. सरकार पडेल, विचार बदलेल, ही आशा असेतोवर कोणी समभाग स्वस्तात सोडत नाही.

सप्टेंबरमध्येच लसाज यांनी निवडणूक जाहीर केली. मतदानाला दोन महिनेही नव्हते.

प्रचार

लिबरल पक्षाच्या भित्तिपत्रकावर मुठीत आवळलेली वीज होती आणि खाली ‘मेत्र शे नू’, आपल्या घरात आपण मालक. सोबत ‘आता नाही तर कधीच नाही’. घोषणा इतकी गाजली की बाकी प्रचार कसा होता हे सहसा सांगितलंच जात नाही. तो बराचसा मास्तरकीचा होता. लेवेक फळा, खडू, छडी आणि नकाशा घेऊन सभांना जायचे. कोणती कंपनी कुठे वीज विकते, तिचा दर काय, ती कर कुठे भरते, असं एकेक करून दाखवायचे. दूरचित्रवाणीवर अवघड परराष्ट्रप्रश्न फळ्यावर सोपे करून सांगणं हीच त्यांची आधीची नोकरी. मतदारांना त्यांची ही पद्धत आणि तो घोगरा आवाज परिचयाचा होता. या विषयावर विरोधकाला उत्तर द्यायचं तर त्यालाही आकडे घेऊन यावं लागणार होतं. रणांगण असं निवडणं ही अर्धी लढाई.

जॉन्सन यांची पंचाईत खरी होती. खरेदीला थेट विरोध करावा तर इंग्रजी कंपन्यांचे वकील ठरतात. पाठिंबा द्यावा तर निवडणूकच हातची जाते. शिवाय १९५८ चं गॅसप्रकरण लोक विसरले नव्हते. हायड्रो-क्वेबेकचं गॅसचं जाळं खासगी कंपनीला विकलं गेलं आणि युनियन नास्योनालच्या अनेक मंत्र्यांकडे त्या कंपनीचे समभाग असल्याचं ‘ल दव्हार’ या दैनिकाने उघड केलं होतं. सार्वजनिक मालमत्तेबद्दल त्या पक्षाने बोलावं आणि हे आठवू नये, असं होत नव्हतं.

जॉन्सन यांनी मधला रस्ता काढला. अबिटिबीची आणि बा-सें-लोराँची अशा दोन कंपन्या ताबडतोब घेऊ, बाकीच्यांसाठी जनमत घेऊ. या दोन कंपन्यांची निवड नीट पाहावी. तक्रारी सर्वांत जास्त तिथल्या आणि खरेदीचा खर्च सर्वांत कमीही तिथलाच. हिशेबाने पाहिलं तर प्रस्ताव उलटा होता. तोट्याचे, विरळ वस्तीचे भाग सरकारने घ्यायचे आणि शाविनिगनचं दाट, नफ्याचं खोरं खासगी राहू द्यायचं, मग दुर्गम भागाचा दर कमी करायला पैसा कुठून येणार? दर समान करायचा तर महाग आणि स्वस्त दोन्ही भाग एकाच खात्यात लागतात. शेतीपंपाची आणि कारखान्याची बिलं एकाच वीजमंडळाच्या वहीत कशी बसवतात हे पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

११ नोव्हेंबरच्या रविवारी, मतदानाला तीन दिवस असताना, लसाज आणि जॉन्सन रादिओ-कानादा या फ्रेंच वाहिनीच्या पडद्यावर समोरासमोर आले. पक्षनेत्यांची दूरचित्रवाणीवरची कॅनडातली ही पहिली चर्चा. लसाज तयारीनिशी आले होते आणि दबदबा त्यांचाच राहिला. जॉन्सन बचावात अडकले. त्यांना बोलता येत नव्हतं असं नाही, विधानसभेत ते पट्टीचे वक्ते होते. पण ‘काही घेऊ, काहींचं नंतर बघू’ ही भूमिका दोन मिनिटांच्या उत्तरात मांडता येण्यासारखी नसते.

निकाल : लिबरल ६३, युनियन नास्योनाल ३१, अपक्ष १. लिबरलांची मतं ५६.४ टक्के, युनियन नास्योनालची ४२ टक्क्यांहून थोडी वर. कौल स्पष्ट होता, तरी त्याला लाट म्हणताना जरा सबुरी हवी. दोन वर्षांपूर्वी लिबरलांना ५१ टक्क्यांवर मतं होतीच, म्हणजे भर पाच टक्क्यांची. विरोधी पक्षाचा ग्रामीण गाभा जागेवर राहिला. पुढे तो महागात पडला.

खरेदी कशी झाली

इथे दोन जुने धडे डोळ्यांसमोर होते. १९४४ मध्ये मॉन्ट्रिऑलची कंपनी कायद्याने ताब्यात घेतली आणि भरपाई किती यावर वाद मागे राहिला. ताजा धडा ब्रिटिश कोलंबियाचा. तिथे १९६० च्या निवडणुकीत बी. सी. इलेक्ट्रिक ताब्यात घेण्याची मागणी डाव्या विचारांच्या विरोधी सीसीएफ पक्षाची होती. प्रीमियर बेनेट यांनी ती निवडणूक जिंकली आणि ऑगस्ट १९६१ मध्ये स्वतःच ती कंपनी कायदा करून घेतली. भागधारक कोर्टात गेले. (निकाल क्वेबेकची खरेदी उरकल्यावर आला : १९६३ मध्ये न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, आणि शेवटी सरकारला आधीहून जास्त मोजून तडजोड करावी लागली.) कायद्याने घेतलं की किंमत न्यायाधीश ठरवतो, आणि किंमत हातातून गेली की वरचं १००-२१८ चं गणित कोसळतं.

क्वेबेकने म्हणून जबरीची भाषा टाळली. २८ डिसेंबर १९६२ ला, ऐन सुट्ट्यांच्या आठवड्यात, सरकारने ११ कंपन्यांच्या भागधारकांपुढे समभाग विकत घेण्याचा खुला प्रस्ताव ठेवला : हा भाव, ही मुदत. बाजारात रोज होते तशी खरेदी, फक्त खरीददार सरकार. देणारा खूश नसला तरी कोर्टात दाद मागायला कारण उरत नाही, कारण विक्री त्यानेच केलेली असते. पुरेशा भागधारकांनी होकार दिला. १ मे १९६३ पासून कंपन्या हायड्रो-क्वेबेकच्या झाल्या.

एकूण किंमत ६० कोटी ४० लाख डॉलर. एवढी रोकड मोजावी लागली नाही हे लक्षात घ्यायला हवं. मोठा हिस्सा म्हणजे कंपन्यांच्या जुन्या कर्जरोख्यांची जबाबदारी, ती नुसती मंडळाच्या नावावर आली. नवी उभारणी ३० कोटी डॉलरची, न्यूयॉर्कच्या बाजारातून. माँट्रिऑलमधल्या इंग्रजी वित्तसंस्थांचा प्रांताच्या कर्जांवर जो पगडा होता तो वळसा घालून टाळता आला. ‘घरचे मालक’ होण्यासाठी पैसा परदेशी सावकाराचा, यावर टोमणे मारणारे तेव्हाही होते. सावकार व्याज घेतो, दर ठरवत नाही, हे त्यावरचं उत्तर. अमेरिकी डॉलरमधल्या कर्जाला विनिमयदराची जोखीम चिकटलेली असते, ती मात्र खरी.

या व्यवहारात एक गोष्ट न मागता पदरात पडली. शेजारच्या न्यूफाउंडलंड प्रांतात मोडणाऱ्या लॅब्राडॉरमधल्या प्रचंड धबधब्यावर प्रकल्प करू पाहणाऱ्या कंपनीत शाविनिगनचा २० टक्के वाटा होता. शाविनिगनबरोबर तो हायड्रो-क्वेबेककडे आला. पुढचं चर्चिल फॉल्स ते हेच, आणि १९६९ च्या त्या करारावरून क्वेबेक आणि न्यूफाउंडलंड यांच्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ वितुष्ट राहिलं.

१ मे नंतर

अबिटिबीचं काम सर्वांत किचकट होतं. २५ चं ६० करायचं तर जनित्रं बदलणं किंवा नव्याने जोडणं हा एक भाग झाला. खरी डोकेदुखी ग्राहकाच्या दाराच्या आत. तापणारी उपकरणं, म्हणजे शेगडी, इस्त्री, साधा बल्ब, यांना आवर्तनांशी देणंघेणं नसतं. २५ साठी बनवलेला रोहित्राचा गाभा मुळातच मोठा असतो, तोही ६० वर निभावतो. मोटरचं तसं नाही. दोन ध्रुवांची मोटर २५ आवर्तनांवर मिनिटाला सुमारे १,५०० फेरे घेते, ६० वर ३,६०० कडे धावते. शीतकपाटाचा दाबयंत्र, विहिरीचा पंप, खाणीतला पंखा, सगळं २.४ पट वेगाने पळून मोडणार. विजेवरचं घड्याळ तासात दोन तास चोवीस मिनिटं दाखवणार. म्हणून एकेक भाग ठरवून, घराघरातली मोटरवाली उपकरणं आधी हेरून, ती बदलून किंवा दुरुस्त करून मगच तो भाग नव्या वाहिनीवर घ्यायचा. हे काम १९६५ च्या सुमारास पुरं झालं.

दर एकसारखे करणं याहून हळू चाललं. महाग भागातले दर उतरवायला सुरुवात लवकर झाली, पण सगळ्यांना एकच दरपत्रक लागू व्हायला वर्षं गेली. प्रचारात मुदत सांगितली नव्हती हे लिबरलांचं शहाणपण म्हणायचं.

माणसांचं एकत्रीकरण कागदावर दिसतं तसं नव्हतं. प्रत्येक कंपनीची निवृत्तिवेतनाची योजना वेगळी, पदांची उतरंड वेगळी, रेखाचित्रांची भाषा इंग्रजी. हायड्रो-क्वेबेकमध्ये कामाची भाषा फ्रेंच होत गेली. फ्रेंचमधून शिकलेल्या अभियंत्यांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येने वरची जागा मिळाली. २९ नोव्हेंबर १९६५ ला मॅनिक्वागान-ऊतार्द संकुलाची वीज ७३५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेला आली. या दाबाची जगातली ही पहिली व्यावसायिक वाहिनी, आणि तिची कल्पना झाँ-जाक आर्शांबो या तिथल्याच अभियंत्याची.

सहकारी संस्थांनाही प्रस्ताव गेला. सभासदांनी सभा घेऊन ठरवायचं होतं. ४६ पैकी ४५ संस्था विकायला तयार झाल्या. सें-झाँ-बातिस्त-द-रूव्हिल इथली एकच संस्था अडून राहिली. ती आजही हायड्रो-क्वेबेककडून घाऊक वीज घेऊन आपल्या सभासदांना विकते. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ मध्ये महावितरणमध्ये गेली तेव्हा जे वाद झाले ते ज्यांना आठवतात, त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. रूव्हिलची संस्था घाऊक वीज घेऊन ती विकते आणि बिल वेळेवर भरते. तिच्या टिकण्याचं याहून मोठं गुपित नाही.

राजकारणात मात्र विजेने लसाज यांना फार काळ तारलं नाही. १९६६ मध्ये त्यांना ४७ टक्के मतं आणि ५० जागा, जॉन्सन यांना ४१ टक्क्यांच्या आत मतं आणि ५६ जागा. गोदबूंचं १९४४ पुन्हा घडलं, तोच ग्रामीण मतदारसंघांचा जोर. जॉन्सन यांनी सत्तेत आल्यावर एकही कंपनी परत केली नाही. २६ सप्टेंबर १९६८ ला मॅनिक्वागान नदीवरच्या मॅनिक-५ धरणाच्या सोहळ्यासाठी ते तिथे गेलेले असतानाच वारले, आणि २१४ मीटर उंचीच्या त्या कमानींच्या धरणाला आज त्यांचं नाव आहे.

हे धरण आणि बेर्सिमी, ऊतार्द, मॅनिक्वागान या तिन्ही नद्यांवरची केंद्रं पेसामिटच्या इनू आदिवासींच्या पारंपरिक मुलखात आहेत. शिकारीच्या वाटा आणि साल्मन माशाचे प्रवाह त्या जलाशयांखाली गेले. १९६२ च्या प्रचारसाहित्यात या नद्या ‘आपल्या’ होत्या. कोणाच्या, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने काढला नाही, आणि तसा तो काढण्याचं त्यांना निवडणुकीपुरतं कारणही नव्हतं. राखीव वसाहतींत राहणाऱ्या आदिवासींना क्वेबेकच्या विधानसभेसाठी मत देता येत नव्हतं. तो हक्क त्यांना १९६९ मध्ये मिळाला, सगळ्या प्रांतांत सर्वांत शेवटी.